एबे आता किती शांत बसतो

सहाव्या कडव्याला एबेचा हात उडाला. त्याने उडवला नव्हता. मनगटापासून खांद्यापर्यंत एक झटका आपोआप आला, कप बशीवर आपटला आणि कॉफी पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बेचाळीस माणसांच्या नाकासमोर गाण्याचे कागद होते. सकाळी माझ्या नातीचं, आल्बर्तेचं, चर्चमध्ये कन्फर्मेशन, म्हणजे पोर मोठं झाल्याचा आमच्याकडचा धार्मिक विधी, झालं होतं, आणि दुपारी गावच्या सभागृहात जेवणं उरकून आम्ही तिचं गाणं म्हणत होतो. गाणं घरीच जुळवलेलं, सगळ्यांना येणाऱ्या चालीवर, तिच्या वयाच्या वर्षाला एक अशी चौदा कडवी. सुरुवात करण्याआधी जावयाच्या भावाने, येप्पेने, चमच्याने ग्लास वाजवून बजावलं होतं, "गाणं संपेपर्यंत कुणीही उठायचं नाही! ज्याला लागली असेल त्यानं आवळून बसा!" आमच्याकडे हे हसत सांगतात आणि अगदी निष्ठेने पाळतात. माझ्या आत्याचा नवरा एकदा असाच गाण्यातून उठून गेला होता. तो मरून वीस वर्षं झाली तरी त्याचं नाव अजून त्यासाठीच निघतं.

"काय झालं रे?" मी कागदाआडून विचारलं आणि रुमालाने कॉफी टिपू लागले. "हात गेला," एबे म्हणाला. "कुठे गेला?" "गेला आणि आला." तो हसला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची रेघ हनुवटीपर्यंत आली होती, तीही मी त्याच रुमालाने पुसली. एबे माझा धाकटा भाऊ, अठ्ठावन्न वर्षांचा. बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले आणि तेव्हापासून तो कधी इस्पितळात, कधी कुठे, आणि गेली नऊ वर्षं ओल्बोर शहरातल्या एका वसतिगृहात आहे. तिथे मानसिक आजाराच्या माणसांना एकेक खोली मिळते, जेवण आणि गोळ्या वेळेवर मिळतात, आणि मागच्या बाजूला सिगारेट ओढायला पत्र्याची शेड आहे. एबेचं खरं घर ती शेड. दिवसाला चाळीस, स्वतः वळलेल्या. बोटं पिवळी, मिशी पिवळी, खोलीतला पडदा पिवळा. तो एबे त्या दुपारी अडीच तास एका खुर्चीवर बसून होता. समोरून माझ्या मुलीने, सिग्नेने, कागद जरा खाली केला आणि ओठांनीच मला सांगितलं, "मामा किती छान बसलाय!" मी मान हलवली. अभिमानाने हलवली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे काही सांगेन त्यात माझी ही मान विसरली जाऊ नये.

अट सिग्नेचीच होती. मार्चमध्ये पाहुण्यांची यादी करताना ती म्हणाली होती, "मामाला बोलव, आई, पण मागच्यासारखं नको. दर दहा मिनिटांनी खुर्ची सरकवायची, बाहेर जायचं, परत आला की अख्खं टेबल वासानं भरायचं. आल्बर्तेच्या मैत्रिणी येणारेत." "आल्बर्ते म्हणाली असं?" "आल्बर्ते कशाला म्हणेल? मी म्हणतेय." मला राग आला आणि तो राग मी नेहमीप्रमाणे कामात घातला. दुकानात जाऊन व्हेप विकत आणलं, बोटाएवढं यंत्र, पुदिन्याच्या चवीचं. आमच्याकडे कायद्याने तंबाखू आणि पुदिना एवढ्या दोनच चवी विकता येतात. त्या दिवशी चर्चबाहेर आल्बर्तेने मला मिठी मारली तेव्हा तिच्या केसांना खरबुजाचा वास कुठून आला, ते तिलाच ठाऊक. एबेला मी शेडमध्ये बसवून शिकवलं. "हा धूर नाही, एबे. नुसती वाफ आहे." "मग तलफ भागेल?" "भागेल. निकोटिन तेवढंच आहे." त्याने ओढून बघितलं, खोकला, म्हणाला, "दात घासल्यासारखं वाटतं." मग त्याने विचारलं, "केलला सांगू?" केल म्हणजे वसतिगृहातला त्याची देखभाल बघणारा माणूस, भला आहे. मी म्हणाले, "पार्टीपर्यंत कुणालाच नाही. गंमत करू." खरं कारण असं, की केलला सांगितलं असतं तर बैठक झाली असती. आमच्या देशात बैठकीशिवाय कुणी नाकही पुसत नाही. कॉफी, केक, तीन कागद, पुढची तारीख, तोवर पार्टी होऊन गेली असती. आणि एबेला गुपित आवडतं. त्याचं आयुष्यभराचं दुखणं हेच, की त्याच्याबद्दलचं सगळं सगळ्यांना माहीत असतं.

सातवं कडवं आल्बर्तेच्या पडलेल्या दातांचं होतं. लोक हसले. एबे हसायचा राहिला. त्याची हनुवटी छातीला टेकली होती आणि तो घोरत नव्हता इतकंच. मी त्याला कोपराने ढोसलं. "एबे, झोपू नकोस." "नाही झोपलो. पाय कापसाचे झालेत." "बसून बसून झाले असतील." सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर तो दोनदा अडखळला होता आणि मी म्हणाले होते, नवे बूट आहेत. आदल्या आठवड्यात फोनवर त्याची जीभ जड लागली तेव्हा म्हणाले होते, आता उठला असेल झोपेतून, दुपारचे तीन वाजले होते तरी. केलने स्वतः फोन करून सांगितलं होतं, "टोवे, तुझ्या भावाला काय झालंय? नऊ वर्षांत मी त्याला इतका शांत पाहिला नाही. ऑफिसच्या दारावर एक थाप नाही!" मी फोनवर नुसती हसले. पाचव्या दिवशी मी त्याला भेटायला गेले तेव्हा त्याच्या अंगाला वासच नव्हता. साबणाचा होता थोडा. मी त्याच्या शेजारी बसले आणि मला वाटलं आपण भलत्याच माणसाच्या खोलीत आलोय. त्या वाटण्यालाही मी नाव दिलं: सवय नाही आपल्याला चांगल्याची.

वासाचं असं आहे, की आमचं बालपणच त्या वासाचं. वडिलांची ओपेल गाडी, हिवाळ्यात काचा बंद, पुढे आई आणि वडील दोघं ओढताहेत आणि मागे आम्ही दोघं पश्चिम किनाऱ्यापर्यंत दीड तास त्या निळ्या ढगात. एबेला उलटी व्हायची. आई म्हणायची, गाडी लागते त्याला. आईचं दुखणं वेगळंच. ती दिवसच्या दिवस स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून राहायची, राख बशीत, डोळे बाहेर, आणि सिगारेटी संपल्या की रडायची. मग वडील मला दुकानात पिटाळायचे, मी पाकीट आणायचे, आई डोळे पुसून हसायची आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. सातव्या वर्षी मला औषध कळलं होतं. दुःख झालं की हे आणायचं, की हसू येतं. दुःख कशाचं, हे कुणी विचारलं नाही, आईनेही नसावं. त्या धुराने तिचं मन बिघडलं, का बिघडलेल्या मनाने धूर धरला, आणि मागच्या सीटवर बसलेल्या पोराच्या डोक्यात काय काय मुरलं, हे मी पुढे एका डॉक्टरला विचारलं होतं. तो म्हणाला, संशोधन चालू आहे. चांगलं आहे. आई गेली, वडील गेले, संशोधन चालू आहे.

आठवं कडवं, नववं कडवं. टेबलाच्या मध्यावर चांदीचा पेला होता, त्यात सिग्नेने घंटीची पांढरी फुलं ठेवली होती. पेला माझ्या आईचा. एबेचं कन्फर्मेशन झालं तेव्हा त्या पेल्यात सिगारेटी होत्या, सुट्ट्या, उभ्या, कारण तेव्हा तसंच करायचे. कॉफी आली की घरातल्या पोरीने पेला घेऊन पाहुण्यांमधून फिरायचं. मी अठरा वर्षांची होते, निळा ड्रेस होता. एबेपाशी आले आणि पुढे निघाले तर वडील ओरडले, "अगं त्याला दे ना! आजपासून मोठा झाला तो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एबेने माझ्याकडे बघितलं. नको म्हणायचं होतं त्याला, मला दिसत होतं, आणि मी पेला त्याच्या नाकापुढे हलवून म्हणाले, "घे की, घाबरटा." त्याने घेतली. काडीही मीच ओढली.

आणि मग चौतीस वर्षं मी तेच केलं, पगार घेऊन. मनोरुग्णांच्या वॉर्डात मी मदतनीस होते. ड्यूटीच्या खोलीत वरच्या खणाला कुलूप असायचं, आत प्रत्येकाच्या नावाचं पाकीट. तासाला एक सिगारेट, घड्याळात ठोका पडला की. ठोक्याला पंधरा मिनिटं उरली की रुग्ण दाराशी जमायचे. येरझाऱ्या, घामेजलेले तळहात, भांडणं, एखादा भिंतीवर डोकं आपटायचा. "वेळ झाली का, टोवे? वेळ झाली का?" मी आत बसून वहीत लिहायचे: रुग्ण अस्वस्थ. मग खण उघडायचे, पेटवून द्यायचे, दोन मिनिटांत सगळे गाईसारखे गरीब. मी लिहायचे: रुग्ण शांत. सिगारेट शांत करते हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, मी दिवसातून आठ वेळा डोळ्यांनी बघत होते. ती अस्वस्थता मागच्या सिगारेटने लावून ठेवलेली होती हे मला नाही तरी इतरांना कळायला हवं होतं, पण तिथे सगळेच ओढत होतो, डॉक्टरसकट. मला स्वतःला छातीत धडधडायचं, पहाटे दरदरून घाम फुटायचा, तीस वर्षं गोळ्या घेतल्या त्यावर. दहा वर्षांपूर्वी सोडली. पहिला महिना मी भिंती खाल्ल्या. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी अंडं उकडत उभी होते आणि लक्षात आलं की छातीत काहीच होत नाहीये. नुसतं अंडं उकळतंय. मी खुर्चीवर बसून रडले, आनंदाने नाही, संतापाने. माझी तीस वर्षं कुणी नेली? तोच संताप मी एबेसाठी राखून ठेवला होता. पार्टी निमित्त झाली. मला त्याला ती सकाळ द्यायची होती, अंडं उकळण्याची. माझ्या पर्समध्ये भाषण होतं, गाणं झालं की मी उठून वाचणार होते, आणि त्यात शेवटची ओळ होती: "आणि आल्बर्ते, तुझ्या एबे मामाआजोबांनी तुला भेट म्हणून सिगारेट सोडली आहे, आज सतरावा दिवस."

दहाव्या कडव्याला पुन्हा झटका आला, या वेळी दोन्ही खांद्यांना, आणि डोळे उघडेच राहिले. मी टेबलाखाली त्याचं मनगट धरलं. गाण्याच्या एका ठोक्याला त्याची नाडी दोनदा पडत होती, दोनाहून जास्त. मनगट ओलं होतं. त्या क्षणी मला एक फळा आठवला. वॉर्डातल्या मदतनीसांसाठी घेतलेला वर्ग, तरुण डॉक्टर, हातात खडू. ज्या गोळीसाठी एबेचं दर महिन्याला रक्त काढतात, त्याच गोळीबद्दल तो बोलत होता. "सिगारेटचा धूर यकृताला घाईला लावतो. गोळी लवकर जळून जाते. म्हणून ओढणाऱ्याला डोस मोठा लागतो. आणि धूर थांबला, तर तीच गोळी अंगात साठत जाते, दुप्पट होते, विषारी होते." त्याने फळ्यावर यकृत काढलं होतं, बुटासारखं दिसत होतं. पुढे काय सांगितलं ते मला माहीत नाही, कारण मी तिथून उठून सिगारेट ओढायला गेले होते.

धूर, म्हणाला होता तो. निकोटिन म्हणाला नव्हता. धूर. आणि सतरा दिवस मी माझ्या भावाला तेच सांगत होते, हा धूर नाही, एबे, हा धूर नाही. मला ते कधीच सुचलं नाही असंही नाही. ओढणारा सोडतो तेव्हा डोस कमी करतात, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण माझ्या लेखी एबेने सोडलं कुठे होतं? तोंडाला लावत होता, ओढत होता, शेडमध्ये बसत होता. यंत्र बदललं होतं फक्त. भाषणापुरती त्याने सिगारेट सोडली होती आणि औषधापुरता तो ओढतच होता, आणि या दोन गोष्टी एकाच डोक्यात ठेवून मी त्यांची एकमेकींशी गाठ पडू दिली नाही. वसतिगृहात तर त्यांना ठाऊकच नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ ते त्याला चाळीस सिगारेटी ओढणाऱ्याचा डोस हातावर देत होते, आणि तो पाण्याबरोबर गिळत होता, आणि गोळ्या कुठेच जळत नव्हत्या. शांत! वॉर्डातल्यांसारखं वेळ झाली का, हे तो सतरा दिवसांत एकदाही म्हणाला नव्हता. मी समजले सुटला.

आणि तरीही मी उठले नाही. अकरावं कडवं सुरू झालं आणि मी बसून होते. हे मला सांगायलाच हवं. मी कागदाकडे बघत ओठ हलवत होते, मनगट हातात, आणि डोक्यात एकच विचार होता की आणखी तीन कडवी, मग उठता येईल, कुणाला कळायच्या आत त्याला बाहेर नेता येईल, गाडीतून दवाखाना, केलला फोन, कुठेतरी खालच्या आवाजात. सिग्नेचा चेहरा समोर होता, इतका मोकळा चेहरा मी किती वर्षांत बघितला नव्हता. आल्बर्तेला भर पार्टीत आपल्या घराण्याचं नको ते दिसेल. आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी तळाशी, ती ओळ पर्समध्ये होती, मला ती वाचायची होती. एबेच्या जिवाशी माझी ती ओळ तागडीत पडली होती, आणि एक अख्खं कडवं आणि बाराव्याच्या दोन ओळी होईपर्यंत तागडी हलत राहिली. मग एबेने माझ्याकडे वळून बघितलं. डोळे भलतेच मोठे झाले होते. "टोवे," तो जड जिभेने म्हणाला, "मी छान बसलोय ना?"

मी उठले. खुर्ची मागे पडली. "अगं टोवे, बस की, अजून अडीच कडवी आहेत!" येप्पे हसत ओरडला आणि दोन-तीन जण हसले. "बंद करा," मी म्हणाले. आवाज निघाला नाही, म्हणून पुन्हा ओरडले. "बंद करा गाणं! तो शांत नाहीये. सिग्ने, एकशे बारा लाव. आत्ता." गाणं सगळीकडे एकदम थांबलं नाही, दाराजवळच्या टेबलावर जावयाची काकू आणखी एक ओळ म्हणत राहिली. तेवढ्यात एबे बाजूला कलंडला आणि त्याचं सगळं अंग झटके द्यायला लागलं. पेला आडवा झाला. आल्बर्ते पांढऱ्या ड्रेसमध्येच धावत आली आणि जमिनीवर बसून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. "कुशीवर कर त्याला," मी म्हणाले, "दाताखाली काही घालू नकोस." तिने केलं.

रुग्णवाहिकेला अकरा मिनिटं लागली. तोवर झटके थांबले होते, एबे श्वास घेत होता, डोळे मिटलेले. स्ट्रेचर आत चढवलं, मला शेजारी बसवलं. वेणी घातलेली एक तरुण बाई त्याच्या छातीला तारा चिकटवत भराभर विचारत होती. नाव, जन्मतारीख, आजार, रोजची औषधं. मी सांगत गेले. सिग्ने उघड्या दाराशी उभी होती, चपला हातात, गवतात अनवाणी. "दारू?" "नाही, कधीच नाही," सिग्ने म्हणाली. "सिगारेट?" "हो, भरपूर," माझ्याआधी सिग्नेच बोलली. "रोज चाळीस. जन्मभर." बाईने लिहायला घेतलं.

"नाही," मी म्हणाले. "ते खोडा. सतरा दिवस झाले, एकही नाही."

"सोडली?" सिग्ने म्हणाली, आणि त्या सगळ्या गडबडीतही तिचा चेहरा क्षणभर आनंदाने फुलला. "मामानं सिगारेट सोडली, आई?"

"मी सोडवली," मी त्या बाईला म्हणाले. "व्हेप देऊन. कुणालाही न सांगता. गोळ्या तेवढ्याच चालू आहेत, चाळीस सिगारेटींच्या. असंच लिहा."